‘ऑफिसात मला सगळे हेन्स मॅडम म्हणतात’

या वेळचं पत्र पुण्यात नोकरी करणाऱ्या एका ताईंचं आहे. पत्र बरंच लांब होतं, त्यातला कामाचा भाग तेवढा देते, नाव आणि कंपनी काढून टाकलंय.

“मी मराठी मीडियमची, बीकॉम झालेली, अकाउंट्स डिपार्टमेंटला आहे. दिवसभर मेलामेलीच चालते. माझं इंग्लिश काम भागण्यापुरतं आहे पण मेल जरा भारदस्त वाटावा म्हणून मी ‘हेन्स’ हा शब्द वापरते. परवा मीटिंगमध्ये आमच्या मॅनेजरनी माझा मेल स्क्रीनवर लावला आणि हसत हसत म्हणाले, यात किती हेन्स आहेत मोजा बघू. चार निघाले. तेव्हापासून पोरं मला हेन्स मॅडम म्हणतात, मी पण हसते त्यांच्याबरोबर पण घरी आल्यावर रडू येतं. हेन्स चुकीचं आहे का? मग त्याऐवजी काय लिहायचं, देअरफोर, दस, कॉन्सिक्वेंटली? डिक्शनरीत बघितलं तर सगळ्यांपुढे ‘म्हणून, त्यामुळे’ असंच लिहिलंय. आणि अजून एक, माझा मुलगा दहावीला आहे, सेमी इंग्लिशला, तो म्हणतो आई, गणितात हेन्सचा अर्थ वेगळा असतो. खरंय का? तो मेल खाली पेस्ट करतेय.”

मेल असा आहे, इंग्रजीच आहे, मी फक्त आपल्या अक्षरांत लिहून काढलाय (वेंडर रिकन्सिलिएशन म्हणजे माल पुरवणाऱ्याच्या हिशेबाशी आपला हिशेब जुळवणं): “ॲज आय वॉज सफरिंग फ्रॉम फीवर, हेन्स आय वॉज ऑन लीव्ह यस्टर्डे, हेन्स वेंडर रिकन्सिलिएशन इज पेंडिंग. आय हॅव केप्ट ऑडिट टीम इन सीसी हेन्स दे विल बी अवेअर. हेन्स काइंडली ग्रँट टाइम टिल मंडे.”

ताई, आधी तुमच्या मॅनेजरचं बोलू. कुणाचा मेल सगळ्यांसमोर लावून त्यातले शब्द मोजायला लावणं याला शिकवणं म्हणत नाहीत, आगाऊपणा म्हणतात. पोरांचं सोडा हो, पोरं आठ दिवसांत दुसरं कुणीतरी गिऱ्हाईक शोधतील, पण मॅनेजरला एकदा केबिनमध्ये गाठा आणि शांतपणे सांगा की सर, माझं काही चुकत असेल तर मला एकटीला सांगत जा, मी सुधारीन, पण असं सगळ्यांपुढे नको. एवढंच बोलायचं आणि बाहेर यायचं, स्पष्टीकरण देत बसायचं नाही. आणि इंग्लिशमधूनच बोललं पाहिजे असंही काही नाही, ते मराठी असतील तर मराठीतच बोला, उलट मराठीत ते जास्त लागेल.

आता हेन्स. शब्द चुकीचा अजिबात नाही. चांगला जुना शब्द आहे, आजही चालतो. तुमचा मेल मी नीट वाचला आणि मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, उलट गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची, की तुमचे चारही हेन्स वेगवेगळे आहेत. म्हणजे तुम्ही मनातल्या मनात मराठीत चार वेगळ्या गोष्टी बोललात आणि बोटांनी चारही वेळा एकच शब्द टाइप केला. मराठी पक्की आहे तुमची, तीच तर इथे नडतेय.

पहिला घ्या. ‘ॲज आय वॉज सफरिंग, हेन्स आय वॉज ऑन लीव्ह.’ आपल्याकडे जोडीजोडीने बोलायची सवय आहे, जर म्हटलं की तर, जेव्हा म्हटलं की तेव्हा, जिथे म्हटलं की तिथे, एकाला सोडून दुसरा आला की आपल्याला वाक्य लंगडं वाटतं. सरकारी अधिसूचना काढून बघा एखादी, ‘ज्याअर्थी अमुक अमुक’ असं सुरू होतं, मग चार ओळी श्वास न घेता वाचायच्या आणि मग येतं ‘त्याअर्थी, आता’. तुमचा ॲज म्हणजे तो ज्याअर्थी आणि हेन्स म्हणजे त्याअर्थी. इंग्लिशमध्ये मात्र ही जोडी लागत नाही. ॲज, सिन्स किंवा बिकॉज यातला एक आला की कारण सांगून झालं, पुढचं वाक्य आपोआप परिणाम होतो, त्याच्यावर परत शिक्का मारायचा नाही. किंवा मग सुरुवातीचा ॲज काढा. दोघांपैकी एक. हिंदीवाल्यांचंही हेच होतं, त्यांच्याकडे चूंकि आणि इसलिए आहे. आणि हेच दुखणं ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ लिहिण्याचं, ते आपल्या जरी-तरीमधून येतं, तुम्ही तेही लिहीत असणार बघा कुठेतरी.

दुसरा हेन्स जरा जास्त वेळ घेणार आहे कारण खरी ग्यानबाची मेख इथे आहे. ‘आय वॉज ऑन लीव्ह यस्टर्डे, हेन्स वेंडर रिकन्सिलिएशन इज पेंडिंग.’ अर्थाने काहीच चूक नाही. चूक आहे ती त्या स्वल्पविरामाची. मराठीतलं ‘म्हणून’ हे जोडणारं अव्यय आहे, ‘ताप आला म्हणून मी आले नाही’ यात ते दोन्ही वाक्यांना घट्ट धरून बसतं, तुम्ही बोलताना त्याच्या आधी थांबा नाहीतर नंतर थांबा, काही सुटत नाही. हेन्स, देअरफोर, दस, कॉन्सिक्वेंटली ही सगळी मंडळी मात्र इंग्लिशमध्ये क्रियाविशेषणं आहेत. म्हणजे असं समजा की रेल्वेचे दोन डबे आहेत आणि मध्ये कपलिंग पाहिजे, तर ‘सो’ आणि ‘अँड’ ही कपलिंगं आहेत, पण हेन्स ही दुसऱ्या डब्यावर लावलेली पाटी आहे, पुढच्या डब्यामुळे हा डबा इथे आलाय एवढं ती सांगते, डबा ओढत नाही. नुसता स्वल्पविराम मध्ये टाकून पाटी लावली तर डबे सुटेच राहतात, आणि ज्याला इंग्लिशची सवय आहे त्याच्या डोळ्याला ते खटकतं, त्याला का खटकतंय हे सांगता आलं नाही तरी.

मग करायचं काय? सोपं आहे. हेन्सच्या आधी पूर्णविराम द्या आणि नवीन वाक्य सुरू करा. किंवा अर्धविराम द्या, तो टिंबाखाली शेपटी असलेला, जो कीबोर्डवर असतो पण कुणी दाबत नाही. किंवा ‘अँड’ घाला, ‘अँड हेन्स’, ‘अँड देअरफोर’, मग जोडायचं काम अँड करतो आणि नुसता स्वल्पविराम पुरतो. किंवा सगळं सोडून सरळ ‘सो’ लिहा, त्याच्याबद्दल पुढे बोलते.

कुठला शब्द पाटी आणि कुठला कपलिंग हे ओळखायची एक युक्ती आहे, व्याकरणाचं पुस्तक लागत नाही. त्या शब्दाला वाक्यात इकडून तिकडे हलवून बघायचं. ‘देअरफोर द फाइल इज पेंडिंग’ असं म्हणता येतं, ‘द फाइल इज देअरफोर पेंडिंग’ असंही म्हणता येतं, शब्द हलला आणि वाक्य टिकलं, म्हणजे क्रियाविशेषण. आता ‘सो’ला तसं हलवून बघा, ‘द फाइल इज सो पेंडिंग’, अर्थाचं वाटोळं झालं की नाही? तो दोन वाक्यांच्या सांध्यातच बसणार. हेन्सला पण फार हलवू नका, तो सहसा वाक्याच्या तोंडाशीच शोभतो, ‘आय हेन्स रिक्वेस्ट यू’ हे अर्जातलं इंग्लिश झालं. वाक्याच्या पोटात काही घालायचंच असेल तर देअरफोर घाला, ‘वी हॅव देअरफोर स्टॉप्ड द पेमेंट’, आणि त्याच्या दोन्ही बाजूला स्वल्पविरामांचे पहारेकरी उभे करायची गरज नाही, आपल्याकडे ‘वी, देअरफोर, रिक्वेस्ट’ असं लिहायची फॅशन आहे, ती नसली तरी काही बिघडत नाही.

तिसरा हेन्स मला सगळ्यात आवडला. ‘आय हॅव केप्ट ऑडिट टीम इन सीसी हेन्स दे विल बी अवेअर.’ इथे तुमच्या मनात होतं ‘त्यांना कळावं म्हणून सीसीत ठेवलंय’. बघा, हेही म्हणूनच! पण हे म्हणून वेगळं आहे. ‘ताप आला म्हणून गोळी घेतली’ यात ताप हे कारण, आणि ‘ताप उतरावा म्हणून गोळी घेतली’ यात ताप उतरणं हा हेतू. मराठीत एकच म्हणून दोन्हीकडे चालतं कारण फरक क्रियापद सांगतं, आला आणि उतरावा. इंग्लिशमध्ये क्रियापद ते काम करत नाही म्हणून तिथे शब्द बदलावा लागतो. हेतू असला की ‘सो दॅट’. आय हॅव केप्ट द ऑडिट टीम इन सीसी सो दॅट दे आर अवेअर. हेन्स कधीच हेतू सांगत नाही, जे झालं किंवा जे निघालं तेवढंच सांगतो. म्हणून तुमच्या मनातल्या म्हणूनच्या आधी ‘-ावा, -ावी, -ावं’ आलं की हेन्सवरून बोट उचलायचं.

चौथा तर शाळेतलाच आहे. ‘हेन्स काइंडली ग्रँट टाइम.’ आठवतंय का, वर्गशिक्षकांना रजेचा अर्ज, आधी आजारपणाचं एक वाक्य आणि मग ‘तरी मला दोन दिवसांची रजा मंजूर करावी ही नम्र विनंती’. हा तरी म्हणजे जरी-तरीमधला तरी नाही, हा ‘तेव्हा आता’ या अर्थाचा अर्जातला खास तरी आहे आणि आपण सगळे तो जन्मभर वाहतो. इंग्लिश मेलमध्ये त्याची गरजच नसते. कारण सांगितलं, आता मागणी सांगा, मध्ये काही नको. ‘कुड आय हॅव टाइम टिल मंडे?’ संपलं.

तर चारातले खरे हेन्स दोनच, आणि त्यातलाही एक जोडीमुळे जादा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, या शब्दांमध्ये फरक काय. डिक्शनरीने सगळ्यांना एका दावणीला बांधलंय हे खरं, पण गंमत अशी की मराठीत आपल्याकडे या प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, फक्त तो डिक्शनरीतल्या पहिल्या ओळीत नसतो.

हेन्सपासूनच सुरू करू. हा मुळात जागेचा शब्द. इंग्लिशमध्ये पूर्वी हिअर, हेन्स, हिदर असं त्रिकूट होतं, म्हणजे इथे, इथून, इकडे. तसंच देअर, देन्स, दिदर, म्हणजे तिथे, तिथून, तिकडे. हिअर आणि देअर तर आहेतच, बाकीच्यांतले इतर मागे पडले, हेन्स राहिला, आणि ‘इथून’चा हळूहळू ‘यावरून’ झाला. जागेवरून काळावर पण गेला, ‘सिक्स मंथ्स हेन्स’ म्हणजे आजपासून सहा महिन्यांनी, आणि ‘हेन्सफोर्थ’ म्हणजे तर शब्दशः आपलं ‘इथून पुढे’. एकदा हे डोक्यात बसलं की ‘फ्रॉम हेन्स’ का लिहू नये तेही कळतं, इथूनपासून असं होतं ते. १६११ च्या इंग्लिश बायबलमध्ये तसं सापडतं, पण तुमच्या ऑडिट टीमला ते चालणार नाही.

हेन्सची एक खास लकब आहे जी देअरफोरला जमत नाही. त्याच्यामागे क्रियापद नसलं तरी चालतं, नुसतं नाम पुरतं. “द इन्व्हॉइस केम विदाउट अ पीओ नंबर. हेन्स द डिले.” बिलावर पीओ, म्हणजे खरेदी ऑर्डरचा, नंबर नव्हता, उशीर त्याचाच. तीन शब्दांत काम. एखादं नाव कसं पडलं हे सांगायला पण हेच, ‘हेन्स द नेम’, यावरूनच हे नाव पडलं. ताई, तुम्हाला हेन्स सोडवतच नसेल तर या जागेवर ठेवा, इथे तो असा चपखल बसतो की तुमच्या मॅनेजरला मोजायचं सुचणार नाही.

देअरफोर म्हणजे म्हणून, त्यामुळे, आणि यावरून सुद्धा. त्याचा मोठा उपयोग म्हणजे तर्काने काढलेला निष्कर्ष. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचं ते प्रसिद्ध वाक्य, मी विचार करतो म्हणून मी आहे, त्याने आधी १६३७ मध्ये फ्रेंचमध्ये लिहिलं आणि नंतर १६४४ मध्ये लॅटिनमध्ये, ते इंग्लिशमध्ये देअरफोर घेऊनच आलं. तिथे कॉन्सिक्वेंटली टाकून बघा. विचार केल्याचा परिणाम म्हणून माणूस जन्माला आला असं काहीतरी होऊन बसेल.

हा फरक कामाचा आहे म्हणून जरा थांबते. सकाळी उठून बघितलं तर अंगण ओलं आहे. तुम्ही म्हणता, यावरून रात्री पाऊस पडला असणार. ‘त्यामुळे रात्री पाऊस पडला’ असं कुणी म्हणत नाही, कारण अंगण ओलं झाल्यामुळे पाऊस पडत नसतो, उलटं असतं. यावरून म्हणजे पुराव्यावरून कळलं, त्यामुळे म्हणजे कारणामुळे घडलं. मराठी माणूस यात कधी चुकत नाही. आता तुमच्याच टेबलावर आणा. वेंडरच्या लेजरला क्रेडिट बॅलन्स दिसतोय, म्हणजे आपल्याला त्याचे पैसे द्यायचेत. ‘द लेजर शोज अ क्रेडिट बॅलन्स. देअरफोर, वी ओ देम मनी.’ बरोबर. हेन्स पण चालेल. पण इथे कॉन्सिक्वेंटली किंवा ॲज अ रिझल्ट लिहिलं तर अर्थ असा होतो की लेजरमध्ये दिसलं आणि त्याचा परिणाम म्हणून देणं तयार झालं, जे खरं नाही, देणं होतंच, लेजर बघून आपल्याला कळलं इतकंच. तर मनात ‘यावरून’ येत असेल तर देअरफोर किंवा हेन्स. मनात ‘परिणामी’ येत असेल तर कॉन्सिक्वेंटली. “द सर्व्हर वॉज डाउन ऑन फ्रायडे. कॉन्सिक्वेंटली, नो पेमेंट्स वेंट आउट.” शुक्रवारी सर्व्हर बंद, परिणामी पेमेंट गेली नाहीत, इथे खरोखरच एकामुळे दुसरं घडलंय.

कॉन्सिक्वेंटलीवरून आठवलं, त्याचा एक जुळा भाऊ वाटावा असा शब्द आहे, सब्सिक्वेंटली. तो भाऊ नाही. सब्सिक्वेंटली म्हणजे फक्त ‘त्यानंतर’. बँकेने पेमेंट परत पाठवलं आणि त्यानंतर वेंडरने खातं नंबर बदलला, यात एकामुळे दुसरं झालं असा दावा नाही, फक्त क्रम आहे. अकाउंट्सच्या मेलमध्ये हे दोन उलटसुलट झाले तर भलत्यावर खापर फुटतं, कारण नंतर घडलेली गोष्ट तुम्ही त्याच्यामुळे घडली असं लिहून मोकळ्या होता आणि मेल तर ऑडिटला जातो.

अकॉर्डिंगली म्हणजे त्यानुसार, त्याप्रमाणे. कुणीतरी काही ठरवलं, बदललं, आणि आपण त्याला धरून पुढची कृती केली. “द वेंडर हॅज रिव्हाइज्ड द रेट. वी हॅव अमेंडेड द पीओ अकॉर्डिंगली.” झकास. पण ‘बस लेट झाली, अकॉर्डिंगली आय वॉज लेट’ लिहिलं तर बसच्या नियमानुसार तुम्ही मुद्दाम लेट झालात असं वाटेल. देअरबाय म्हणजे त्यायोगे, आणि त्याच्यामागे आयएनजीवालं क्रियापद येतं, ‘द वेंडर अपलोडेड द इन्व्हॉइस लेट, देअरबाय डिलेइंग अवर क्रेडिट’, त्याने बिल उशिरा अपलोड केलं आणि तेवढ्याने आपलं जीएसटी क्रेडिट लांबलं. इथे मागे पूर्ण वाक्य नाही म्हणून स्वल्पविराम पुरतो. आणि दस, त्यात दोन अर्थ मिसळलेत, अशा रीतीने आणि म्हणून. कसं झालं ते सांगता सांगता काय झालं ते सांगायचं असेल तर दस. मेलमध्ये मला तो जरा भाषण दिल्यासारखा वाटतो, पण ही माझी आवड झाली, चूक नाही.

आता ‘सो’. तुम्ही लिहिलंय की हेन्स वापरला की मेल भारदस्त वाटतो, आणि ही समजूत तुमची एकटीची नाही. सो हा बोलण्यातला शब्द, लिहिताना मोठा शब्द पाहिजे, असं आपल्याला शाळेत कुणीतरी सांगितलेलं असतं. निबंधात ठीक आहे. पण दिवसाला चाळीस मेल वाचणाऱ्या माणसाला भारदस्तपणा नको असतो, त्याला फाइल कधी मिळणार ते हवं असतं, आणि सो त्याला तिथे लवकर पोचवतो. सो हा जोडणारा शब्द, आधी स्वल्पविराम दिला की झालं, अगदी आपल्या म्हणूनसारखा वागतो, म्हणून आपल्याला सगळ्यात सोपाही तोच जातो. लाजायचं काही कारण नाही. माझा स्वतःचा पक्षपात इथे उघड आहे, मला दहातल्या आठ हेन्सच्या जागी सो बरा वाटतो आणि उरलेल्या दोनांत काहीच नको असतं. फक्त ‘सो देअरफोर’ आणि ‘सो हेन्स’ करू नका, ते दोनदा पावती फाडणं झालं.

आणि काहीच नको म्हणजे खरंच काहीच नको. ‘मला ताप होता. मी काल रजेवर होते.’ हे दोन वाक्य शेजारी ठेवली की वाचणारा आपोआप जोडतो, त्याला मूर्ख समजून दर वेळी म्हणून म्हणून करायचं नसतं. परदेशी जायला आयेल्ट्सची, म्हणजे इंग्लिशची, परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना पण मी हेच सांगते, त्यांच्या क्लासमध्ये जोडणाऱ्या शब्दांची यादी पाठ करून घेतात आणि मग प्रत्येक वाक्याच्या तोंडावर मोरओव्हर, हेन्स, देअरफोर. लेखनाच्या मार्कांचे चार निकष असतात, चारही सारख्या वजनाचे, त्यातला एक सुसंगतीचा आहे, आणि हे जोडशब्द यांत्रिकपणे ठोकून बसवलेले दिसले की तिथेच बँड, म्हणजे त्या परीक्षेतली श्रेणी, अडकतो. मार्क वाढवायला घातलेला शब्द मार्क खातो.

हं, तर तुमचा मेल. मी असा लिहिला असता:

“आय वॉज ऑन लीव्ह यस्टर्डे विथ अ फीवर, सो द वेंडर रिकन्सिलिएशन इज स्टिल पेंडिंग. कुड आय हॅव टाइम टिल मंडे? आय हॅव कॉपीड द ऑडिट टीम सो दॅट दे आर अवेअर.”

एकही हेन्स नाही, मागणी मध्यावर आली, ऑडिटवाले शेवटी गेले. आणि ‘सफरिंग फ्रॉम’ काढलं बघा, एक दिवसाच्या तापाला एवढं मोठं दुःख नको. ‘काइंडली ग्रँट’ पण काढलं, तुम्ही रजेचा अर्ज करत नाही आहात, कामाची तारीख ठरवताय, त्यात तुम्ही मॅनेजरच्या बरोबरीच्या आहात. एक काम करा, जुने पाठवलेले मेल उघडा, त्यात हेन्स शोधा आणि प्रत्येकाच्या जागी मनात मराठी शब्द म्हणून बघा, यावरून की परिणामी की त्यानुसार की ‘-ावं म्हणून’ की अर्जातला तरी. दहाबारा मेल केलेत की हात आपोआप थांबायला लागेल.

राहिला मुलगा. त्याचं अर्धं बरोबर आहे. अर्थ तोच असतो, यावरून, पण परीक्षेत तो हुकूम म्हणून येतो. भूमितीच्या सिद्धतेत शेवटी ‘हेन्स प्रूव्हड’ लिहितात ते साधं, वरच्या सगळ्यावरून सिद्ध झालं. त्याच्या वहीत पायरीपायरीला जी तीन टिंबं असतात, वर एक खाली दोन, ते देअरफोरचं चिन्ह, योहान रान नावाच्या स्विस माणसाने १६५९ मध्ये छापलेल्या बीजगणिताच्या पुस्तकात ते आलंय, आणि भागाकाराचं चिन्ह, आडवी रेघ आणि वरखाली टिंब, तेही त्याच पुस्तकातलं. टिंबं उलटी केली, खाली एक वर दोन, की आता त्याला कारण म्हणतात, म्हणजे बिकॉज. पोरं घाईत दोन्ही सारखीच काढतात, त्याला सांगा नीट काढत जा.

पण खरी गोम प्रश्नात असते. प्रश्नाचा पहिला भाग असतो की दाखवा, एक्स वजा दोन हा या बहुपदीचा अवयव आहे, आणि दुसरा भाग सुरू होतो ‘हेन्स सॉल्व्ह’ने. तिथे हेन्सचा अर्थ, आत्ता जे दाखवलंस तेच वापरून पुढे सोडव. दुसऱ्याच वाटेने उत्तर काढलं तर उत्तर बरोबर येऊनही मार्क जाऊ शकतात, आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) आणि ब्रिटिश पद्धतीच्या परीक्षांमध्ये तर हे अगदी ठरवून तपासतात. आणि ‘हेन्स ऑर अदरवाइज’ असं लिहिलं असेल तर मोकळीक आहे, कुठल्याही रीतीने कर, पण पेपर काढणाऱ्याने तुला जवळची वाट दाखवून ठेवलीय, ती आधी बघ. दहावीच्या पोराने प्रश्न वाचताना या दोन्हींवर पेन्सिलीने गोल करायचा, आणि ‘ऑर अदरवाइज’ आहे की नाही ते बघूनच पुढे लिहायला घ्यायचं.